कसेल त्याचा खेळ

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला तेव्हा सगळा गदारोळ पैसे लावून खेळायच्या ॲप्सवरून झाला. साहजिकच होतं ते. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नावसुद्धा त्या धक्क्याने उतरलं. या धामधुमीत कायद्याचा दुसरा भाग फारसा कुणी वाचला नाही. त्या भागात सरकारने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेम्सना, जुगारापासून वेगळं काढून खेळांच्या पंगतीत बसवलं आहे. त्याला मान्यता मिळेल, स्पर्धांना नियमावली मिळेल, प्रशिक्षणाला हातभार लागेल. डिसेंबर २०२२ मध्येच ई-स्पोर्ट्सचं खातं क्रीडा मंत्रालयाकडे गेलं होतं. आता त्यामागे कायदा उभा राहिला.

माझा याला विरोध नाही. ‘पोरं खुर्चीत बसून बोटं हलवतात, त्याला खेळ कसं म्हणायचं’ हा वाद मला अगदीच निरर्थक वाटतो. नेमबाज कुठे धावतो? बुद्धिबळपटूंना अर्जुन पुरस्कार देताना आपण त्यांच्या दंडाचा घेर मोजला नव्हता. माझा प्रश्न गल्लीतल्या क्रिकेटमधला आहे: बॅट कुणाची? बॅटवाल्याच्या आईने गॅलरीतून हाक मारली की स्कोअर काहीही असो, मॅच संपते, हे आपण सगळ्यांनीच भोगलेलं आहे.

मराठीत आपण नकळत दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. कबड्डी हा खेळ आणि पब्जी हा गेम. बोलताना कुणी व्याख्या करत नाही, पण जीभ बरोबर शब्द निवडते. खेळाला मालक नसतो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम लिहून काढले. म्हणून सांगलीच्या एखाद्या शाळेला सामना भरवण्याआधी जिमखान्याची परवानगी काढावी लागत नाही. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. उद्या तिने गाशा गुंडाळला तर खेळाडूंची कमाई जाईल, टीव्हीवरचा झगमगाट जाईल, पण लालबाग-परळच्या मैदानांत संध्याकाळी दम घुमायचा तो घुमेलच.

‘क्रिकेटवर तरी बीसीसीआयची मालकी नाही का?’ असं कुणी विचारेल. २००७ साल आठवा. झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली. बीसीसीआयने काय करायचं बाकी ठेवलं? मैदानं नाकारली, खेळाडूंवर बंदी घातली, कपिल देवला राष्ट्रीय अकादमीच्या अध्यक्षपदावरून हटवलं. तरीही पंचकुल्याच्या मैदानावर सामने झालेच. पुढे ती लीग बुडाली. पैसा संपला आणि आयपीएल आली. पण बीसीसीआयला मैदानाला कुलूप लावता आलं, क्रिकेटला लावता आलं नाही.

व्हिडिओ गेमच्या लीगमध्ये बॅट, बॉल, खेळपट्टी, इतकंच काय, गुरुत्वाकर्षणसुद्धा एका कंपनीच्या मालकीचं असतं. या एका गोष्टीकडे डोळेझाक करून लीग उभारल्या की काय होतं, याचा चांगला पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास उपलब्ध आहे. आपल्या क्रीडा खात्यातल्या कुणीतरी तो वाचावा म्हणून हा खटाटोप.

गंमत अशी की सुरुवात अगदी खेळासारखीच झाली होती. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘स्पेसवॉर’ची स्पर्धा झाली. बक्षीस होतं ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची एका वर्षाची वर्गणी. हा गेम दहा वर्षांपूर्वी एमआयटीतल्या काही हौशी मंडळींनी लिहिला होता. त्याचं पेटंट नाही, परवाना नाही. ज्याच्याकडे संगणक त्याने तो उतरवून घ्यावा, हवे ते बदल करावेत. विटीदांडू जसा गावोगावी थोडा थोडा बदलत जातो, तसंच हे. त्याच स्पेसवॉरवर लुब्ध झालेल्या नोलन बुशनेल नावाच्या इंजिनिअरने नाणं टाकून खेळायचं यंत्र बनवलं आणि १९७२ मध्ये ‘अटारी’ ही कंपनी काढली. १९८० मध्ये याच अटारीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची अमेरिकाभर स्पर्धा घेतली, दहा हजारांवर लोक खेळले. पण ती मालकाने स्वतःच्या मालासाठी केलेली जाहिरात होती. साबणाच्या कंपनीने रांगोळी स्पर्धा घ्यावी, तशी.

व्यावसायिक लीगची कल्पना रुजली ती १९९७ मध्ये. त्या उन्हाळ्यात ‘क्वेक’ या गेमचा निर्माता जॉन कारमॅक याने स्वतःची लाल फेरारी बक्षिसाला लावली. ऑनलाइन पात्रता फेऱ्यांतून निवडलेले खेळाडू अटलांटाच्या प्रदर्शनात भिडले आणि डेनिस फाँग, टोपणनाव ‘थ्रेश’, या तरुणाने अंतिम सामना १४ विरुद्ध उणे १ असा जिंकला. उणे एक! प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात शून्यसुद्धा उरलं नाही. त्याच वर्षी डॅलसमध्ये एंजेल मुनोझ यांनी ‘सायबरॲथलीट प्रोफेशनल लीग’ म्हणजे सीपीएल स्थापन केली, आणि सॅन फ्रान्सिस्कोत ‘प्रोफेशनल गेमर्स लीग’ची घोषणा झाली. या दुसऱ्या लीगचे आयुक्त कोण? तेच नोलन बुशनेल. चिप बनवणाऱ्या एएमडीसारख्या कंपन्यांचं पाठबळ होतं. लीग काढणारी ऑनलाइन गेमिंग कंपनी मात्र दोनच वर्षांत ‘पोगो’ झाली आणि पत्ते, शब्दकोडी अशा घरगुती गेम्सकडे वळली. धंद्याच्या हिशोबाने तिचं बरोबरच होतं.

अमेरिकी लीगचा पुढचा इतिहास भराभर सांगून टाकतो, कारण त्यात शिकण्यासारखं एकच आहे: ज्याचा पैसा, तो गेम ठरवणार. सीपीएलने २००५ मध्ये दहा लाख डॉलर बक्षिसाची जगभर फिरणारी मालिका काढली आणि तिच्यासाठी ‘पेनकिलर’ हा गेम निवडला. तो स्पर्धेच्या पातळीवर फारच थोडे लोक खेळत होते. म्हणजे आधी बक्षीस ठरलं, मग खेळाडूंनी गेम शिकायचा. न्यूयॉर्कच्या अंतिम फेरीत जॉनथन वेंडेल दीड लाख डॉलर जिंकला. मालिका संपली आणि पेनकिलरही विस्मरणात गेला. २००८ मध्ये सीपीएलने कामकाज थांबवलं. डायरेक्टटीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीने २००७ मध्ये ‘चॅम्पियनशिप गेमिंग सिरीज’ काढली. शहरांच्या नावाचे संघ, खेळाडूंना पगार, निवडीचा समारंभ थेट प्लेबॉय मॅन्शनमध्ये. टीव्हीला सोयीचं पडावं म्हणून खेळाडूंना प्रिय असलेला जुना काउंटर-स्ट्राइक बाजूला ठेवून दिसायला चकचकीत असलेली नवी आवृत्ती घेतली, फेऱ्यांची संख्या कापली. नोव्हेंबर २००८ मध्ये दुकान बंद. त्या लीगसाठी जुने संघ सोडून आलेली पोरं एका रात्रीत मोकळी झाली.

खरी कहाणी कोरियाची आहे. तिथे थोडं थांबायला हवं.

१९९७ च्या शेवटी दक्षिण कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली आणि नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. नोकऱ्या गेलेल्या कित्येकांनी उरलंसुरलं भांडवल घालून ‘पीसी बांग’ काढले. बांग म्हणजे खोली. आपल्याकडच्या सायबर कॅफेसारखंच, फक्त इमेल पाहण्याऐवजी लोक तिथे खेळायला यायचे. सरकारने ब्रॉडबँडचं जाळं झपाट्याने पसरवलं. नेमक्या याच वेळी, मार्च १९९८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ब्लिझार्ड कंपनीचा ‘स्टारक्राफ्ट’ बाजारात आला. अंतराळात लढणाऱ्या तीन जमाती, प्रत्येकीची युद्धाची रीत वेगळी, आणि ताशी नाममात्र भाड्यात मित्रांबरोबर खेळता येणारा. कोरियाला त्याचं वेड लागलं. जगभर खपलेल्या स्टारक्राफ्टच्या प्रतींपैकी निम्म्याच्या आसपास या एका छोट्या देशात खपल्याचं सांगितलं जातं.

१९९९ मध्ये ‘टूनिव्हर्स’ नावाच्या कार्टून वाहिनीवर स्टारक्राफ्टच्या सामन्यांचं प्रक्षेपण झालं. पुढच्याच वर्षी त्यातून गेमिंगला वाहिलेली ‘ऑनगेमनेट’ ही वाहिनी निघाली. एमबीसीनेही आपली गेम वाहिनी आणली. २००० मध्येच सांस्कृतिक मंत्रालयाच्या मान्यतेने कोरिया ई-स्पोर्ट्स असोसिएशन, अर्थात ‘केस्पा’, स्थापन झाली. २००३ पासून संघांची ‘प्रोलीग’ सुरू झाली. एसके टेलिकॉम, केटीएफ, सॅमसंग अशा कंपन्यांनी संघ घेतले. लिम यो-ह्वान हे नाव घराघरांत पोचलं. लोक त्याला ‘सम्राट’ म्हणत. खेळाडू एकाच घरात राहायचे, दिवसाला दहा-बारा तास सराव करायचे. २००७ मध्ये तर हवाई दलाने स्वतःचा संघ काढला, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेतही खेळाडूंचा हात सुटू नये. कुस्तीगीराला पोलिसात भरती करून तालीम चालू ठेवायची आपली पद्धत आठवा.

१७ जुलै २००४ च्या संध्याकाळी बुसानच्या ग्वांगाली समुद्रकिनाऱ्यावर प्रोलीगची अंतिम फेरी झाली. एक लाख लोक आले होते असं आयोजक सांगतात. किनाऱ्यावर तिकीट नसतं आणि आयोजकांचे आकडे कुठल्या देशात खरे असतात, त्यामुळे निम्मे धरा. तरी ते त्याच दिवशी शहरातल्या स्टेडियममध्ये बेसबॉलचा ऑल-स्टार सामना पाहायला आलेल्या गर्दीपेक्षा कितीतरी जास्त होते.

आता यात ब्लिझार्डचा वाटा किती? गेम त्यांनी बनवला, तो अप्रतिम बनवला, हे मान्यच. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक तांत्रिक गोष्ट. स्टारक्राफ्टच्या तीन जमातींचं बळ समतोल राहावं म्हणून ब्लिझार्ड वेळोवेळी दुरुस्त्या करत असे. त्यांतली महत्त्वाची शेवटची दुरुस्ती २००१ मध्ये आली. त्यानंतर लीग आणखी दहा वर्षं चालली. एवढ्या काळात रोज नवे डावपेच निघत होते, मग एक जमात डोईजड होऊन खेळ मरायला हवा होता. तो मेला नाही, कारण कोरियातली मंडळी दर हंगामाला नवे मॅप बनवत होती. खाणी किती लांब, चढ कुठे, दोन तळांमधली वाट किती अरुंद, हे बदलून त्यांनी समतोल राखला. खेळपट्टी करणारा क्युरेटर सामन्याचा जीव राखतो तसं. डाव कसा मांडायचा याचे शेकडो प्रघात खेळाडूंनी रचले, समालोचकांनी त्याची भाषा घडवली. नांगरट, पेरणी, राखण, सगळं यांचं. सातबारा मात्र कॅलिफोर्नियात.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटायला हवं. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आणि मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांच्या रूपाने कायद्यात उतरली. जमीनमालक चोर होता असं कूळकायद्याने कधी म्हटलं नाही. गावात न राहता, न कसता, नुसत्या कागदाच्या जोरावर कसणाऱ्याला हुसकून लावण्याचा हक्क अमर्याद असू शकत नाही, एवढंच म्हटलं. आणि मालकाला मोबदलाही दिला.

ब्लिझार्डही कित्येक वर्षं गावाबाहेर राहणारा मालक होता. त्याला जाग आली ती २००७ मध्ये. केस्पाने प्रोलीगच्या प्रक्षेपणाचे हक्क एका कंपनीला विकले. वाहिन्यांनी आधी आरडाओरडा केला, मग मान तुकवली. आपल्या गेमचे हक्क भलताच कुणी विकतोय, हे पाहून ब्लिझार्डने बोलणी सुरू केली. ती तीन वर्षं रखडली. कायद्याने पाहिलं तर ब्लिझार्डचा आक्षेप पोकळ नव्हता. जे आपलं नाही ते केस्पाने विकलं होतं. मे २०१० मध्ये ब्लिझार्डने बोलणी मोडली आणि कोरियातल्या स्पर्धांचे हक्क गॉमटीव्ही या प्रतिस्पर्धी वाहिनीला दिले. मग दोन्ही गेम वाहिन्यांवर दावे लावले. मे २०११ मध्ये तडजोड झाली, वाहिन्यांनी परवाने घेतले. दहा वर्षं लीग कसणाऱ्यांचा काही हक्क तयार होतो की नाही, याचा निकाल कोर्टाकडून लागलाच नाही.

त्याआधीच मालकाने कुंपण घातलं होतं, ते वेगळंच. जुना स्टारक्राफ्ट दोन संगणकांना वायर जोडून, म्हणजे लॅनवर, खेळता यायचा. सामना चाललाय हे कंपनीला कळायचंसुद्धा कारण नव्हतं. कोरियाची लीग उभी राहिली ती या एका वायरीवर. जुलै २०१० मध्ये आलेल्या ‘स्टारक्राफ्ट २’ मधून लॅनची सोय काढून टाकली गेली. आता प्रत्येक सामना कंपनीच्या सर्व्हरवरून. कारण पायरसीचं दिलं गेलं आणि ते खोटं नसेलही. पण परिणाम असा की यापुढे लीग चालवायची तर मालकाच्या अंगणातून, त्याने दार उघडलं तरच.

इथे माझ्याच उपमेला एक दुरुस्ती करायला हवी. केस्पा म्हणजे कूळ नव्हे; ती खोत होती. संघांच्या मालक कंपन्यांचीच ती संघटना. खेळाडू कुणाकडे जाणार, किती मिळवणार, सगळं तिच्या हाती. नियम इतके जाचक की सामना थांबवण्याची विनंती करताना ठरलेलं अक्षर टाइप करण्यात चूक झाली म्हणून सामना गमवावा लागल्याचं उदाहरण आहे. २०१० मध्ये सट्टेबाजांसाठी सामने हरल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि ११ खेळाडूंवर कायमची बंदी आली. त्यात मा जे-युनसारखा एकेकाळचा अजिंक्य खेळाडू होता. बंदी योग्यच. पण दिवसाला बारा तास राबणाऱ्या विशीतल्या पोरांना लीगच्या कारभारात कुठे शब्द होता, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. ब्लिझार्ड आणि केस्पा यांच्या भांडणात खेळाडूंची सही कुठल्याच कागदावर नव्हती. कोकणातल्या कुळांना विचारा, सरकार आणि खोत यांच्या वादात कुळाचं काय होतं ते.

प्रोलीग पुढे स्टारक्राफ्ट २ वर गेली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद पडली. सगळा दोष ब्लिझार्डच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. ‘लीग ऑफ लेजंड्स’ने प्रेक्षक पळवले, सामना-निश्चितीची नवी प्रकरणं निघाली, प्रायोजक गेले. एमबीसीची गेम वाहिनी तर २०१२ मध्येच संगीत वाहिनी झाली होती. जुना स्टारक्राफ्ट मात्र मरायला तयार नव्हता. निवृत्त खेळाडू इंटरनेटवर तोच खेळत राहिले, लोक पाहत राहिले. शेवटी २०१७ मध्ये ब्लिझार्डने तोच गेम रंगरंगोटी करून पुन्हा विकायला काढला. उद्घाटनाचा सोहळा ३० जुलैला झाला, तो ग्वांगालीच्याच किनाऱ्यावर. लिम यो-ह्वान आणि त्याच्या पिढीचे खेळाडू तिथे आमंत्रित होते. ज्या वाळूला त्यांनी नाव मिळवून दिलं तिथे ते आता पाहुणे.

कोरियाच्या धड्याचा अर्थ गेम कंपन्यांनी आपल्या परीने लावला: लीग दुसऱ्याला काढू द्यायचीच नाही, आपणच काढायची. ब्लिझार्डने २०१८ मध्ये ‘ओव्हरवॉच लीग’ आणली. शहरांच्या संघांसाठी प्रत्येकी दोन कोटी डॉलर मोजले गेल्याच्या बातम्या होत्या. २०२३ मध्ये ती गुंडाळली गेली. त्याहून बोलकं उदाहरण ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’चं. १३ डिसेंबर २०१८ रोजी ब्लिझार्डने एक निवेदन काढलं की पुढच्या वर्षी या गेमची लीग होणार नाही. झालं. पुढच्या हंगामाचा सराव करणारे खेळाडू, प्रशिक्षक, समालोचक यांचा धंदा त्या निवेदनाने संपला. दाद मागायला ना संघटना, ना लवाद, ना मंत्रालय. बीसीसीआयला शिव्या देताना आपण हे लक्षात ठेवावं की तिच्यावर निदान लोढा समिती तरी नेमता आली.

उलट उदाहरणही आहे, आणि ते फेरारीवाल्या कारमॅकचं आहे. क्वेकचा धंदा करून झाल्यावर, डिसेंबर १९९९ मध्ये, त्याच्या कंपनीने गेमचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला केला. नव्या संगणकांवर चालतील अशा आवृत्त्या हौशी लोकांनी लिहिल्या. क्वेकच्या स्पर्धा आजही होतात. छोट्या आहेत, फेरारी वगैरे नाही. पण त्या बंद करण्याची चावी कुणा एकाच्या खिशात नाही. माझ्या मते क्वेक त्या दिवशी गेमचा खेळ झाला.

आता आपल्याकडे या. जून-जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय या मोबाइल गेमची, म्हणजे पब्जीच्या भारतीय अवताराची, स्पर्धा स्टार स्पोर्ट्स २ वर दाखवली गेली. मुख्य क्रीडा वाहिनीवर, रात्रीच्या वेळेला, हिंदी समालोचनासह. खेळाडूंमध्ये छोट्या गावांतली पोरं होती, घरच्यांना टीव्हीवर दाखवायला प्रथमच काहीतरी होतं. स्पर्धा १७ जुलैला संपली. २८ जुलैला सरकारच्या आदेशाने तो गेम ॲप स्टोअरवरून उतरला. जवळजवळ दहा महिन्यांनी परतला. आधी २०२० मध्ये पब्जीच्या वेळी हेच झालं होतं. इथे चावी मालकाने नव्हे, सरकारने फिरवली, आणि सुरक्षेच्या कारणांवर मला मत नाही. मुद्दा असा की चावी एकच होती. कबड्डीवर असा आदेश काढायचा म्हटलं तर तो बजावायचा कुणाला?

मग काय करायचं? ई-स्पोर्ट्सला मान्यता नाकारायची नाही. मान्यता ही सौद्यातली आपली बाजू आहे हे ओळखायचं, एवढंच. खेळाचा दर्जा, पदक, सरकारी प्रशिक्षण केंद्र, शाळकरी मुलांपर्यंत पोच, हे गेमच्या मालकाला फुकट मिळणारं सोनं आहे. त्याच्या बदल्यात लेखी हमी मागायची. सरकारमान्य स्पर्धेत ज्या गेमला जागा हवी त्याच्या मालकाने लॅनवर, स्वतःच्या सर्व्हरशिवाय चालणारी स्पर्धा-आवृत्ती द्यावी. ठरलेली फी भरली तर कुठल्याही जिल्हा संघटनेला किंवा कॉलेजला स्पर्धा भरवू द्यावी, मर्जीनुसार नकार चालणार नाही. हंगाम अर्ध्यावर थांबवायचा नाही. लीग बंद करायची तर दोन वर्षं आधी सांगायचं. आणि गेमच बंद करायचा झाला तर ती स्पर्धा-आवृत्ती क्रीडा महासंघाच्या स्वाधीन करायची. मालकाचे पैसे बुडवायचे नाहीत. कूळकायद्यातही मालकाला मोबदला होताच.

‘अशा अटी घातल्या तर कंपन्या येणारच नाहीत’ ही भीती दाखवली जाईल. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, काय झालं ते पाहा. पब्जी मोबाइल पदकासाठी घ्यायचा होता, पण माणसांनी माणसांना गोळ्या घालणं आशियाई खेळांच्या मांडवात शोभत नव्हतं. मग कंपनीने त्या स्पर्धेसाठी वेगळी आवृत्तीच बनवली. खेळाडू एकमेकांऐवजी निशाण्यांवर गोळ्या झाडत होते. म्हणजे पदक समोर असेल तर गेमचा आत्माही बदलता येतो. मग लॅनची एक वायर जोडणं अशक्य कसं? भारतासारखी बाजारपेठ सोडून कुणी जात नाही; ज्याला जायचं त्याच्या गेमला सरकारी पदक न मिळाल्याने देशाचं काही अडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गेम जुने होतात. खो-खो शंभर वर्षं टिकतो, गेम पाच-दहा वर्षांत मागे पडतो. मग कालबाह्य गेमची आवृत्ती महासंघाने सांभाळायची कशाला? यात तथ्य आहे. पण स्टारक्राफ्ट मागे पडलाय असं ब्लिझार्डलाही वाटलं होतं, म्हणून तर दुसरा भाग काढला. कोणता गेम म्हातारा झाला हे खेळणारे आणि पाहणारे ठरवू देत. पंधरा वर्षांचा मुलगा सरकारी केंद्रात एखाद्या गेमवर पाच वर्षं घालवणार असेल, तर ती पाच वर्षं दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या एका निवेदनावर टांगलेली असू नयेत, इतकंच.

आणि करारावर दोनच सह्या पुरणार नाहीत. मंत्रालय आणि कंपनी बसली, मधे महासंघ आला, की कोरियाचाच खोत इथे तयार होईल. तशी लक्षणं असलेल्या क्रीडा संघटना शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. हंगामाचं वेळापत्रक, संघबदलाचे नियम, शिक्षेविरुद्ध अपील, गेमच्या आवृत्तीत होणारे बदल, या चारही ठिकाणी खेळाडूंनी निवडलेले प्रतिनिधी मताच्या हक्काने बसायला हवेत. नियम अजून लिहिले जातायत, बदलले जातायत. तिसऱ्या सहीसाठी जागा आत्ताच सोडता येईल.